जोधपूरचं कपाट, मुंबईची हवा

राजस्थान फिरताना जोधपूरच्या एखाद्या गोदामात आंब्याच्या लाकडाचं कोरीव कपाट मनात भरतं. भाव ठरतो आणि डिसेंबरात ट्रान्सपोर्टनं ते मुंबईच्या घरी येतं. ड्रॉवर एका बोटानं सरकतात. मग जुलै लागतो आणि ड्रॉवर ओढायला गेलं की अख्खं कपाटच पुढे येऊ लागतं. सुतार येतो, कडांना रंधा मारून जातो. पुढच्या जानेवारीत तोच ड्रॉवर आपल्या जागेत खुळखुळतो. विकणाऱ्यानं ओलं लाकूड गळ्यात मारलं, असा निकाल घरात लागतो. पुष्कळदा लाकूडही बरं असतं आणि कारागिरीही. कपाट ज्या हवेत बनलं, ती हवा मात्र टेम्पोतून सोबत आलेली नसते.

प्रवासातून आणलेल्या वस्तूंनी घर सजवण्याविषयी जे बोललं जातं, ते बहुतेक रंगसंगती आणि मांडणीविषयी असतं. कोणता कोपरा मोकळा आहे, कोणत्या भिंतीवर काय शोभेल, वगैरे. ते सगळं नंतरचं. वस्तू कशाची बनली आहे, आपल्या घरातली हवा आणि ऊन तिला मानवेल का आणि घरात ती काय काम करेल, एवढं आधी कळलं तर ती वर्षानुवर्षं नांदते. नाहीतर दोन पावसाळ्यांत तिची रवानगी माळ्यावर होते.

लाकडाचा श्वास

झाड तोडलं, फळ्या पाडल्या, वर पॉलिश चढवलं, तरी लाकूड हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी असतं. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की हेच प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास जातं. मारवाडातले कोरडे दिवस आणि कोकणपट्टीतला आषाढ यांच्यातला फरक साधारण एवढाच आहे आणि तो ड्रॉवर अडकवायला पुरतो.

लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, जे काही फुगतं ते रुंदीत. त्यातही फळी ओंडक्यातून कशी कापली यावर बरंच अवलंबून असतं. ओंडक्याच्या वर्तुळांना समांतर कापलेली फळी ही केंद्रातून उभ्या छेदानं काढलेल्या फळीच्या साधारण दुप्पट हलते. सागवान हे त्यातल्या त्यात स्थिर लाकूड मानलं जातं. तरीही एक फूट रुंदीची सागवानी फळी कोरड्या हवेतून दमट हवेत आली की तीन-चार मिलिमीटर वाढू शकते. जुन्या वाड्यांचे दरवाजे बनवणाऱ्यांना हे आकडे माहीत नव्हते, पण वागणूक माहीत होती. चौकटीच्या खाचेत मधली फळी ते सैल बसवत, तिला खिळे मारून जखडत नसत. फुगायला जागा मिळाली की फळी तडकत नाही आणि चौकटही फाकत नाही.

फर्निचर घेताना म्हणून कोरीवकामाच्या आधी सांधे पाहावेत. ड्रॉवर बाहेर काढून त्याचा तळ पाहावा, कपाटाची मागची बाजू पाहावी. टेबलाचा रुंद पृष्ठभाग खालच्या चौकटीला चारी बाजूंनी चिकटवून टाकला असेल, तर एखाद्या ऋतूत तो चिरणार हे गृहीत धरावं. लाकूड भट्टीत सुकवलंय का, कीडनाशक दिलंय का, हे विचारावं. पायांच्या खाली बारीक पिठासारखी भुकटी पडलेली दिसली, तर आत पोखरणारी कीड जिवंत आहे. असं फर्निचर कितीही स्वस्त मिळालं तरी घरी आणू नये, कारण ती कीड तुमच्या दाराच्या चौकटीपर्यंत जाऊ शकते. बांबूच्या वस्तूंना हा धोका जास्त, कारण बांबूतल्या पिठूळ अंशावरच ती कीड वाढते. जाणते कारागीर बांबू पाण्यात बुडवून ठेवतात ते हा अंश निघून जावा म्हणून.

घरी आल्यावर कपाट बाहेरच्या भिंतीला खेटून ठेवू नये. मागे चार बोटं जागा सोडली तर हवा खेळते आणि भिंतीची ओल लाकडात उतरत नाही. एसीचा झोत थेट अंगावर येणार नाही असं पाहावं. ड्रॉवर पावसाळ्यात अडकला तर त्याच्या पट्ट्यांवर मेणबत्ती घासावी, पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. रंधा मारायचाच असेल तर पाऊस सरून महिना-दोन महिने जाऊ द्यावेत.

परदेशातल्या मराठी घरांत याच्या उलटं घडतं. अमेरिकेच्या उत्तर भागात किंवा कॅनडात हिवाळ्यात घर तापवलं की आतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते. पुण्याहून किंवा कोकणातून हौसेनं नेलेला देव्हारा, पाट, चौरंग अशा हवेत आकसतो. एकाच जाड ठोकळ्यातून कोरलेली वस्तू सगळ्यांत आधी चिरते, कारण तिचा बाहेरचा थर आतल्यापेक्षा लवकर सुकतो. ह्युमिडिफायर लावून आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास ठेवली, तर देव्हाराही वाचतो आणि माणसांच्या नाकातोंडालाही बरं वाटतं. समुद्रमार्गे सामान पाठवताना आणखी एक नियम आडवा येतो. खोक्यासाठी वापरलेलं कच्चं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला किमान ३० मिनिटं तापवून किंवा मान्य असलेली दुसरी प्रक्रिया करून त्यावर आंतरराष्ट्रीय शिक्का मारलेला असावा लागतो. किडे एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत यासाठी ही तरतूद आहे.

सुटं होतं ते दूर जातं

फर्निचरनं प्रवास करावा म्हणून ज्यांनी डोकं लढवलं, त्यांत व्हिएन्नाच्या मायकेल थोनेट यांचं नाव पहिलं घ्यावं लागेल. त्यांच्या कारखान्याची १४ नंबरची खुर्ची १८५९ साली आली. बीच लाकडाच्या कांड्या वाफेनं मऊ करून वाकवायच्या आणि साच्यात सुकवायच्या, हे तिचं तंत्र. अख्खी खुर्ची सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट यांत बसे. सुटे केलेले ३६ खुर्च्यांचे भाग एक घनमीटरच्या खोक्यात मावत. जिथे जायचं तिथे जाऊन स्क्रू आवळले की खुर्ची तयार. मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या गोल पाठीच्या, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या याच घराण्यातल्या. संगमरवरी टेबलाशी त्यांची जोडी अशी जमली की त्या युरोपातून आल्या हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. त्यांतल्या पुष्कळांची बैठक वेताच्या जाळीची असे आणि आपल्या घामाच्या हवेला ती गादीपेक्षा सोयीची. वेताला दमट हवा मानवतेही. जाळी सैल पडली तर खालच्या बाजूनं कोमट पाण्यानं भिजवून सावलीत सुकू द्यावी, सुकताना ती पुन्हा ताणली जाते.

गोव्यातल्या जुन्या घरांतही परदेशी वस्तू अशाच रुळल्या. चांदोरच्या मेनेझिस ब्रागांझा घराण्याच्या वाड्यात चिनी मातीची भांडी आहेत, परदेशी काचेची झुंबरं आहेत. तरी बैठकी वेताच्या जाळीच्या आहेत आणि गोव्याच्या जुन्या खिडक्यांत काचेऐवजी घासून पातळ केलेले चपटे शिंपले बसवलेले दिसतात. त्यांतून उजेड येतो, पण डोळे दिपत नाहीत. आकार लांबून आणला तरी माणूस टेकतो तो भाग आणि ऊन येतं ती जागा इथल्या हवेप्रमाणेच केली गेली.

आपल्या शेजारच्या गुजरातेत छोटा उदेपूर जिल्ह्यात संखेडा हे गाव आहे. तिथल्या झोपाळ्यांचे आणि खुर्च्यांचे पाय, दांडे, गोळे हे सगळं सागाचं कातकाम असतं आणि ते भाग एकमेकांत बसवलेले असतात. त्यामुळे तेही सुटं होऊन येतं. संखेड्याच्या कामाची खरी गंमत त्याच्या सोनेरी रंगात आहे. त्यात सोनं नसतं. कथलाचा बारीक चुरा सरसात कालवून त्याच्यानं नक्षी काढतात. ती आधी पांढरट चंदेरी दिसते. अकीक दगडानं घोटून तिला चमक आणतात आणि मग वरून लाख चढते. पिवळसर लाखेआडून तीच नक्षी सोन्यासारखी झळकू लागते.

मातीची वस्तूही अशीच सुटी होऊ शकते. बंगालमधल्या बांकुरा जिल्ह्यात पांचमुडा गावचे कुंभार उंच मानेचे मातीचे घोडे करतात. त्यांचे कान आणि शेपूट वेगळे भाजून नंतर खाचेत खोचतात. दुकानदाराला ते कान काढून कागदात वेगळे बांधायला सांगावं, घोड्याच्या पोकळ पोटात कापडाचे बोळे भरावेत आणि खोक्यात त्याला उभा नव्हे, आडवा ठेवावा. रेल्वेच्या डब्यात मान मोडण्याचे प्रसंग यानं पुष्कळ टळतात.

पुसण्याआधी विचारा

घरात आलेल्या वस्तूंचं सगळ्यांत जास्त नुकसान साफसफाईत होतं, तेही प्रेमानं. लाखकामाचंच घ्या. सावंतवाडीची फळं-खेळणी, कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे भोवरे, संखेड्याचा झोपाळा या सगळ्यांवरचा थर एका किड्यामुळे मिळतो. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे राळ स्रवतात. ती खरवडून, वितळवून, गाळून, रंग मिसळून तिच्या कांड्या करतात. चन्नपट्टणच्या कारागिराकडे उभं राहून पाहिलं तर त्याच्याजवळ ना भट्टी दिसते ना ब्रश. काळ्या कुड्याच्या जातीचं मऊ पांढरं लाकूड यंत्रावर गरगर फिरत असतं आणि तो त्यावर लाखेची कांडी दाबून धरतो. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडाभोवती पसरत जाते. मग केवड्याच्या जातीचं वाळकं पान त्यावर दाबलं की निस्तेज पट्टा आरशासारखा चकाकतो.

म्हणजे लाख उष्णतेनं मऊ होते. तिच्यावर गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. पाण्यात ती विरघळत नाही, पण स्पिरिटमध्ये विरघळते. जुन्या फर्निचरवरचं फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाखच. म्हणून अशा वस्तूवर हातांचा सॅनिटायझर सांडला किंवा काच पुसण्याचा स्पिरिटयुक्त फवारा उडाला तर तो डाग पुसून जात नाही, तो थरच उठलेला असतो. कोरडं मऊ फडकं, फार तर घट्ट पिळलेलं ओलं फडकं, इतकंच पुरे.

बिदरच्या वस्तूंच्या तर आपली चिंच आणि लिंबू अक्षरशः मुळावर उठतात. बिदरी भांडं मुख्यतः जस्ताचं असतं, त्यात थोडं तांबं. त्यावर चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात आणि बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराच्या पाण्यात मिसळून त्या मिश्रणानं ते काळं करतात. त्या मातीतल्या क्षारांमुळे जस्त काळंभोर होतं आणि चांदीवर मात्र परिणाम होत नाही. म्हणजे काळा रंग हा मळ नाही, तोच कलेचा पाया आहे. देवाच्या उपकरण्यांसोबत बिदरी फुलदाणी पितळेच्या पावडरनं घासली की काळेपणा उडतो आणि राखाडी भांडं हातात राहतं. तिला कधीमधी खोबरेल तेलाचा हलका हात फिरवावा.

पुष्कळ घरांच्या शोकेसमध्ये आग्र्याचा छोटा ताजमहाल असतो. तो संगमरवरी म्हणून विकला जातो, बहुतेकदा असतो संगजिऱ्यासारख्या मऊ दगडाचा. दुकानातच तळाला नख ओढून पाहावं. संगमरवरावर नखाचा ओरखडा उठत नाही, मऊ दगडावर उठतो. मऊ दगडाची वस्तू वाईट नसते, तिला फक्त मऊ दगडाचा भाव द्यावा. खरा संगमरवर असेल तर त्याला लिंबू आणि व्हिनेगरपासून जपावं. आम्लानं त्याची चकाकी कायमची जाते.

भिंतीवरचं ऊन

मधुबनी, वारली, पटचित्र, कच्छी भरतकाम यांना कपाटापेक्षा नाजूक वागणूक लागते. प्रकाशानं रंग उडतो, आणि उडालेला रंग कितीही काळ अंधारात ठेवला तरी परत येत नाही. कापड, कागद आणि पाण्यात कालवलेले रंग यांच्यावर संग्रहालयं साधारण ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत. भर दुपारचं उघड्यावरचं ऊन एक लाख लक्सपर्यंत जातं. पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगलेली कलाकृती म्हणून काही वर्षांतच फिकी पडते. ज्या भिंतीवर ऊन कधीच येत नाही ती भिंत अशा चित्रांची, आणि उन्हाच्या भिंतीवर धातू, दगड, भाजलेली माती.

फ्रेम करताना काच कागदाला टेकू देऊ नये. चित्राभोवती पुठ्ठ्याची जाड किनार घालतात तिचा उपयोग शोभेपुरता नसतो, तिच्यामुळे काच आणि कागद यांच्यात पोकळी राहते. ही पोकळी नसेल तर पावसाळ्यात काचेच्या आत धरलेला ओलावा कागदाला चिकटतो आणि रंग काचेवर उतरतो. फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाची किंवा रबराची दोन बटणं चिकटवली की फ्रेम भिंतीपासून जराशी सुटी राहते, मागे बुरशी धरत नाही. पुठ्ठा आम्लरहित मागावा. साध्या पुठ्ठ्यानं काही वर्षांत कागदावर तपकिरी पट्टा उमटतो.

लोकरीच्या गालिच्याला किंवा शालीला कसर लागल्याची शंका आली तर लहान वस्तूंना एक उपाय आहे. पिशवीत घट्ट बांधून वस्तू डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायची, बाहेर काढल्यावर बांधलेली तशीच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. म्युझियमवाले याच पद्धतीनं उणे २० अंशांच्या आसपास कीड मारतात आणि कापडाला रसायन लागत नाही.

काय आणायचंच नाही

काही वस्तू कितीही देखण्या असल्या तरी त्या घरात ठेवणं गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं प्रवाळ, समुद्रपंखे आणि नॉटिलससारखे काही शंख-शिंपले यांना संरक्षण दिलेलं आहे. वास्तुदोष घालवण्यासाठी ‘इंद्रजाल’ म्हणून काळी फांदी फ्रेममध्ये घालून विकतात, ती वनस्पती नसून समुद्रातला प्रवाळ आहे. ‘हत्ताजोडी’ नावाची मुळी म्हणून जे विकतात, ते बहुधा घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. अंगठीतून जाणारी शाहतूश शाल चिरू नावाच्या तिबेटी हरणाला मारल्याशिवाय बनत नाही. हस्तिदंताबद्दल तर सांगायलाच नको.

दुसरा कायदा पुरावस्तूंचा, तोही १९७२ चाच. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू किंवा ७५ वर्षांहून जुनं महत्त्वाचं हस्तलिखित देशाबाहेर नेता येत नाही. जुनी मूर्ती किंवा चित्र घरात असेल तर त्याची नोंदणी करावी लागते. तमिळनाडूतल्या कारैकुडीत चेट्टिनाडच्या जुन्या घरांतून निघालेल्या वस्तूंची दुकानं आहेत. तिथे एनॅमलचे डबे, बर्मा सागाचे खांब, काचेचे दिवे मिळतात. अशा ठिकाणी वस्तू किती जुनी, कुठून आली, हे बिलावर लिहून घ्यावं.

एक धागा पुरे

प्रवासातल्या वस्तूंचं घर करायचं कसं, हे पाहायचं तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावं. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहीत. गावोगाव फिरून त्यांनी जमवलेल्या वस्तूंची संख्या २० हजारांच्या घरात गेली आणि पुढे तो संग्रह त्यांनी राज्य सरकारच्या स्वाधीन केला. त्यात राजेरजवाड्यांच्या थाटापेक्षा घरगुती वस्तूंचा भरणा मोठा आहे. अडकित्ते, दिवे, पानाचे डबे, वज्र्या, स्वयंपाकाची भांडी. एकटा अडकित्ता पाहिला तर तो सुपारी कातरायचं साधन. पण घोड्याच्या, मोराच्या, माणसांच्या जोडीच्या आकाराचे अडकित्ते शेजारी शेजारी मांडले की त्यामागचं गाव, कारागीर आणि चेष्टेखोर मालक दिसू लागतो.

दोन खोल्यांच्या घराला यातून घेण्यासारखं हे की गावागणिक वेगळी वस्तू आणण्यापेक्षा एकच प्रकार धरावा. दिवे, डबे, अडकित्ते, मातीचे घोडे, नाहीतर पानपात्रं. जागा एकाच शेल्फाची लागते आणि नव्या गावात काय घ्यायचं याचा गोंधळ उरत नाही.

दुसरं म्हणजे वस्तू कामाला लावावी. बस्तरची ढोकरा शैलीतली पितळी घंटा दाराला, बिदरी डबी किल्ल्यांना, संखेड्याची बाजवट पाहुण्यांना. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा गट आणि प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पानं असतात. पत्त्यांचा हा डबा कपाटात बंद ठेवण्यापेक्षा सुट्टीत मुलांसोबत डाव मांडावा. रोज हाताखालची वस्तू रोज नजरेखाली राहते. तिला कीड लागली, सांधा सैल झाला, बुरशी धरली तर त्याच आठवड्यात कळतं. शोकेसमधल्या वस्तूचं दुखणं कळतं ते दिवाळीच्या आवराआवरीत, आणि तोवर उशीर झालेला असतो.

शेवटी एक साधी सवय. प्रत्येक वस्तूच्या मागे किंवा तळाशी चिठ्ठी चिकटवावी. त्यावर गाव, वर्ष, बनवणाऱ्याचं नाव, लाकूड की माती की धातू, आणि कशानं पुसायची, एवढं असावं. पुढे दुरुस्तीला आलेल्या सुताराला, घर आवरणाऱ्या सुनेला किंवा नातवाला याहून जास्त माहिती लागत नाही. मात्र ही माहिती दुकानातच विचारून घ्यावी लागते. विचारायची सवय लागली की दुकानात वेळ दुप्पट जातो आणि खरेदी निम्म्यावर येते. लहान घराला ते परवडतं.